पिसोरी पाहायची कशी?

सह्याद्रीच्या दाट रानात पिसोरी राहते. सशापेक्षा जेमतेम मोठी, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे, शिंगं मुळीच नाहीत. आपण तिला हरीण म्हणतो खरं, पण प्राणिशास्त्र तिचं कूळ निराळं मानतं. रात्रीची फिरणारी, जरा खुट्ट झालं की जागच्या जागी थिजणारी. ती नुसत्या डोळ्यांना दिसणं म्हणजे नशीबच!

म्हणून अभ्यासक झाडाला कॅमेरा ट्रॅप बांधतात. गरम अंगाचा प्राणी समोरून गेला की त्यातला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. अंधारात इन्फ्रारेड दिवा लागतो, म्हणून रात्रीचे फोटो कृष्णधवल. १९२०च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांचे फोटो काढून घेतले होते. तारेचं काम आता सेन्सर करतो.

खरं कसब बांधण्यात आहे. सांबरासाठी गुडघ्याएवढी उंची चालते. पिसोरीसाठी मात्र कॅमेरा जमिनीपासून वीत-दीड वीत हवा, नाहीतर तिच्या पाठीवरून पलीकडचं रानच तेवढं दिसतं. कॅमेऱ्याचं तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको. आणि समोरचं गवत आधी काढायचं. उन्हात तापलेली एखादी काडी वाऱ्यावर डुलत राहिली, तर कार्डात शेकडो फोटो भरतात, सगळे त्या काडीचेच! अभयारण्यात कॅमेरा लावायचा तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.