लुळ्या पडलेल्या कुत्र्याच्या लघवीची निगा



आज बियाणे, खते आणि कीड यांना सुट्टी. आज बोलायचे आहे ते वस्तीवरच्या राखणदाराविषयी, म्हणजे कुत्र्याविषयी. मी शेतकी पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण यात माझी स्वतःची एक चूक झाली होती आणि ती एका मुक्या जिवाला जवळजवळ भोवली होती.

माझ्या विभागातल्या एका मळ्यावर मोत्या नावाचा कुत्रा होता. अंगाने लांब, पायाने बुटका. पुण्याच्या भाच्याने पिल्लू असताना आणून दिलेला. एके सकाळी ओट्यावरून उडी मारताना तो केकाटला आणि दुपारपर्यंत त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले. संध्याकाळी मी बांधावरून जात होतो, तर मालक म्हणाले, "साहेब, मोत्या मागनं पार बसलाय. पर मुततोय बरं का, सारखं थेंब थेंब गळतंय." मी म्हणालो, "लघवी होतेय ना, मग फार काळजी नको." हीच ती चूक.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यक बाई आल्या. त्यांनी आधी विचारले, "रेबीजची लस कधी दिली होती?" मग पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, पिशवी टणक झालीय, मोसंबीहून मोठी. गळतंय ते भरून सांडतंय."

विहिरीवरचा हौद डोळ्यापुढे आणा. तोटी गंजून बसली आणि पाणी वरून येतच राहिले, तर हौद काठावरून सांडतो. सांडणारे पाणी बघून हौद रिकामा आहे असे आपण म्हणतो का? तसेच हे. पाठीच्या दोन मणक्यांच्या मध्ये, पाइपाच्या जोडात वायसर असतो तशी एक मऊ गादी असते. ती सुकते, फाटते, आतला गर बाहेर येतो आणि जवळून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाबतो. लांब अंगाच्या, बुटक्या पायांच्या कुत्र्यांत हे जास्त होते; पण आपल्या गावठी कुत्र्यालाही होऊ शकते. दाब पाठीच्या मधल्या भागात असला, तर पाय लुळे पडतात आणि लघवीची तोटी आवळलेली राहते. पिशवी तट्ट फुगते. अशी ती फार काळ ताणलेली राहिली, तर तिच्या भिंतीतला जोर जातो आणि पुढे पाय सुधारले तरी लघवी सुधारत नाही. दाब कमरेच्या खालच्या बाजूला असला, तर तोटी उलट ढिली पडते. उचलले, भुंकला की लघवी गळते. तरी तीही पिशवी पुरती रिकामी होत नाही. दोन्ही प्रकारांत ती आपल्यालाच रिकामी करावी लागते.

पण थांबा. मागचे पाय लुळे पडणे हे पिसाळल्याचेही लक्षण असू शकते. आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, घास गिळता येईना, किंवा लस दिलेलीच नाही, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्या कुत्र्याला हात लावू नका. खोलीत कोंडून ठेवा. चावा झाला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्या. लुळ्या कुत्र्याची पाठ दुखत असते, त्यामुळे भला कुत्राही चावतो. तोंडाला मऊ फडके सैल बांधा; धाप लागली तर लगेच सोडा.

आता पिशवी रिकामी कशी करायची ते. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर, त्यांच्या देखरेखीखालीच करा. नुसते ऐकून येणारी ही गोष्ट नाही. कुत्र्याला कुशीवर निजवा किंवा दुसऱ्याने आधार देऊन उभे करा. शेवटच्या बरगडीच्या मागे आणि मांड्यांच्या पुढे पोटाचा मऊ भाग असतो, तिथे दोन्ही बाजूंनी तळहात सपाट ठेवा. बोटे रुतवू नका. आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे काही लागेल. त्यावर हळूहळू दाब वाढवत, थोडा शेपटीच्या दिशेने, तसाच धरून ठेवा. हिसका नको, पंप मारल्यासारखे दाबणे-सोडणेही नको. धार सुरू झाली की थांबेपर्यंत दाब कायम ठेवा, मग पुन्हा चाचपून पाहा. दोन-तीनदा करूनही धार येत नसेल, तर जोर लावू नका. पिशवी फुटू शकते. नर कुत्र्यात हे जास्त अवघड जाते. अशा वेळी डॉक्टर तोटी सैल करणारे औषध देतात किंवा नळी घालतात.

हे दिवसातून ३ ते ४ वेळा, दर ६ ते ८ तासांनी करावे लागते. मोत्याच्या घरी धार काढायच्या वेळी, दुपारच्या भाकरीनंतर, दिवेलागणीला आणि निजताना अशा वेळा ठरल्या होत्या. पेरणीची घाई चालू होती, म्हणून काम घरच्या बाईंनी अंगावर घेतले, आणि खरे सांगायचे तर त्यांचा हात मालकांपेक्षा हलका होता. लहान मुलांवर हे काम सोपवू नका. काही दिवसांनी उचलताना आपोआप धार लागते, तेव्हा माणूस खूश होतो. पण नंतर हाताने चाचपून बघाच, निम्मी आत उरलेली असते.

लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. घाण वास, गढूळपणा किंवा रक्त दिसले की दवाखाना गाठा. लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते. म्हणून रोज कोमट पाण्याने धुवा, कोरडे पुसा, मांडीचे केस कापून ठेवा. खाली जाड पेंढा, त्यावर जुनी गोधडी, आणि ओली झाली की बदला. दर ४ तासांनी कूस पालटा, नाहीतर हाडांवर जखमा होतात. पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसली, तर एक-दोन दिवसांत किडे वळवळताना दिसतात. हे मी पाहिले आहे, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

४ ते ६ आठवडे आखूड जागेत बांधून पूर्ण विश्रांती. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ सरळ. पाठ चोळणे, पाय ओढणे आणि डाग देणे बंद. घरातल्या माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला विष ठरू शकतात. डायक्लोफिनॅक जनावरांत वापरायला तर २००६ सालापासून बंदी आहे. ती गिधाडांमुळे घातलेली, पण कुत्र्याच्या पोटालाही ती गोळी वाईटच.

पायाचे बोट जोरात चिमटल्यावर कुत्रा वळून पाहतो किंवा ओरडतो का, हे डॉक्टर पाहतात. नुसता पाय आखडला तर ती जाणीव नव्हे. जाणीव असेल तर आशा चांगली. मुळीच नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार त्याच दिवशी करावा लागतो आणि ती तालुक्याला होत नाही. परळ, शिरवळ, परभणी, नागपूर, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे चौकशी करावी. सगळेच कुत्रे उठतात असे मी म्हणणार नाही.

मोत्याला जाणीव होती. चौथ्या आठवड्यात शेपटी हलली, सहाव्यात तो डगमगत उभा राहिला. चाल अजून वाकडी आहे, आणि निजताना घरच्या बाई अजूनही एकदा पोट चाचपून बघतात.

तुमच्याकडे असे काही झाले, तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, पशुवैद्यकाचे फिरते पथक मिळू शकते. फोनवर "लघवी गळते" एवढेच सांगू नका. "मागचे पाय लुळे आहेत आणि लघवी गळते" असे सांगा. नमस्कार.