पारावरचे मत आणि कागदावरचे मत

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शेतकी शिकलेला माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना वाटते, आता हा खताचा डोस सांगणार. आज विषय वेगळा आहे. आज आपल्या मताबद्दल बोलायचे आहे. निवडणुकीत टाकतो ते मत नव्हे. भाव का पडला, आयात कोणी केली, दुष्काळ जाहीर का झाला नाही, याबद्दल तुमचे-माझे जे म्हणणे असते, ते मत.

मताची आपल्याकडे टंचाई नाही. पारावर जा, न्हाव्याच्या दुकानात बसा, शिरूरच्या किंवा दौंडच्या एस.टी. स्टँडवर चहा घ्या. कांदा, कापूस, ऊस, दूध, दिल्ली, अमेरिका, सगळ्यावर मते आहेत आणि बरीचशी बरोबर आहेत. प्रश्न एवढाच आहे की संध्याकाळी पार रिकामा झाल्यावर ती मते जातात कुठे? गिरणीवाल्याचे मत कागदावर जाते, कागद दिल्लीला जातो आणि त्याचा सरकारी हुकूम होऊन परत येतो. आपले मत धोतर झटकून उठले की तिथेच राहते.

भीमथडीने दिलेले मत

आपल्या याच मातीतली गोष्ट सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. मुंबई इलाख्यात १८६० ते १८६४ या काळात कपाशीखालचे क्षेत्र दुप्पट झाले. सावकार दारात येऊन उचल देऊ लागला, एकरी शंभर रुपयांपर्यंत. १८६५ ला युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला, आपला भाव कोसळला. उचल देणारा हात आखडला आणि मागचे कर्ज मागू लागला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून जमिनीची फेरआकारणी झाली आणि शेतसारा पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढला. भाव खाली गेला आणि सारा वर चढला. मधे शेतकरी सापडला.

१८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती, कुळाच्या सोयीसाठी म्हणून. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. जुने व्याज नव्या मुद्दलात जाऊ लागले. वाचता न येणाऱ्याने अंगठा उठवायचा. कागद कोणाच्या हातात आहे त्यावर कायदा कोणाचा हे ठरले.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाच्या घराला हात घातला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, पण तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आपला दौंडचा भागही त्याच भीमथडीत मोडायचा. लोकांनी सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. तिथून वणवा अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेला, तीसहून जास्त गावांत. ९५१ माणसे पकडली गेली.

लक्षात घ्या, जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. आपले मरण कशात आहे ते त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना नेमके कळले होते.

आयोगाने काय केले

सरकारने चौकशी आयोग नेमला. साक्षी झाल्या, जाडजूड अहवाल झाला. सरकारने आयोगाला एक प्रश्न खास विचारला होता: या दंग्याला वाढीव शेतसारा कारण आहे का? आयोगाने उत्तर दिले, नाही, दोष सावकाराचा. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली. एवढा फायदा झाला, तो नाकारू नये. पण सारा वाढवणारे सरकार सहीसलामत सुटले.

असे का झाले? सावकार गावात होता, त्याचे दुकान दिसत होते. सारा ठरवणारा साहेब आणि कापसाचा भाव ठरवणारा विलायतेतला गिरणीवाला गावात दिसत नव्हता. लोकांनी दिसेल त्याला धरले, आणि सरकारला तेच सोयीचे होते. सावकार निर्दोष होता असे मी म्हणत नाही. पण तीन चोर असताना एकच पकडला गेला.

ही खोड आजही गेलेली नाही. भाव पडला की आपण अडत्याच्या नावाने बोटे मोडतो. काट्यात मारणारा, कडता कापणारा अडत्या असेल तर त्याला धराच. पण बोली का उतरली, याचे कारण पुष्कळदा त्याच्या गाळ्याच्या बाहेर असते.

ऑगस्ट २०२५ ची गोष्ट

दौंड-शिरूरला कपाशी थोडी. खरा पट्टा शेवगाव-पाथर्डीकडे आणि पुढे मराठवाडा-विदर्भात. त्या मंडळींनी हे सोसले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून बाहेरच्या कापसावर सर्व मिळून ११ टक्के आयात शुल्क होते. शेतकऱ्याने २०२५ च्या जून-जुलैत सरकी टोबली ती हे शुल्क धरून. १९ ऑगस्टला, कपाशी पात्या-फुलांवर असताना, शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पहिली वेचणी बाजारात येण्याचा काळ नेमका त्यात सापडला. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. अनेक बाजारांत व्यापाऱ्याची बोली त्याच्या खाली राहिली आणि शेतकऱ्याला सी.सी.आय.च्या केंद्राकडे पाहत बसावे लागले.

कारण काय? अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. कापड निर्यात करणारे अडचणीत आले. त्यांच्या संघटनांनी शुल्क काढण्याची मागणी आधीपासून लेखी लावून धरली होती. त्यांची अडचण खरी होती. गिरणीत कामाला आपलीच पोरे आहेत. पण गिरणीला मदत करायची तर ती सरकारच्या तिजोरीतून करावी. ती कापूसवाल्याच्या खिशातून का?

इथे कोणी मला अडवील. म्हणेल, "साहेब, कांद्याची निर्यात उघडा म्हणता तेव्हा बाजार खुला हवा, आणि कापसाची आयात आली की दार लावा म्हणता. तुमचे नक्की मत काय?" प्रश्न रास्त आहे. पारावर तो चालून जातो, कागदावर चालणार नाही. आपल्यातही यावर दोन मते आहेत. कोणी म्हणते दोन्ही दारे उघडी ठेवा, कोणी म्हणते आयातीला आडकाठी हवीच. तो वाद आपण मोकळेपणाने घालू. पण एका मागणीवर दोन्ही बाजूंचे एकमत होऊ शकते: पेरणीच्या वेळी जो नियम असेल, तो माल विकला जाईपर्यंत बदलू नका. शुल्क किती ठेवायचे ते मे महिन्यात सांगा. मग आम्ही ठरवू काय पेरायचे. डाव सुरू झाल्यावर पट मांडणाऱ्यानेच नियम बदलायचे, हे चालणार नाही.

ही मागणी कांद्यालाही लागू पडते. शिरूरच्या कांदेवाल्यांना तारखा पाठ आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून. मुदत संपायच्या आत ती पुढे लांबवली. ४ मे २०२४ ला उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यात मूल्य ठेवून. शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. कांदा महाग झाला तर गरिबाने काय खावे, असे विचारतात. गरीब आमच्या गावातही आहे, आमच्याच बांधावर मजुरीला येतो. त्याला स्वस्त द्या, पण तो खर्च सगळ्या देशाने उचलावा.

मालदांडीचा खर्च कोणी काढला?

आता ज्वारीकडे या. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये ठरला. सरकारने धरलेला खर्च क्विंटलला २,४६६ रुपये, त्याची दीडपट. या खर्चात रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज नाही. स्वामीनाथन आयोगाच्या शिफारशीवरून जो वाद चालू आहे, तो या फरकाचा आहे.

पण आपल्या भागाचा मुद्दा त्याहून मुळातला आहे. आपण पिकवतो ती मालदांडी, रब्बीची, साठवलेल्या ओलीवर येणारी. तिचा हमीभाव जाहीर होतो खरीप पिकांच्या यादीत. आणि त्याच यादीच्या खाली बारीक अक्षरात टीप असते, की मालदांडी ज्वारीचा खर्च वेगळा काढलेला नाही. मग भाव कसा ठरला? संकरितच्या भावात ५० रुपये मिळवले, ३,७४९ झाले!

हिशेब करून पाहा. समजा एकराला सगळे मिळून बारा हजार खर्च आला. चार क्विंटल झाली तर क्विंटलला तीन हजार पडले. परतीच्या पावसाने दगा दिला आणि दोनच क्विंटल झाली तर सहा हजार पडले. मशागत तीच, काढणी-खुडणी तीच, भाव तोच. देशाच्या सरासरीत हे दोन क्विंटलचे वर्ष विरघळून जाते. आपल्या घरात ते विरघळत नाही. शिवाय कडबा आहे. कडब्याचे पैसे येतात ते मांडा, चारा विकत घ्यावा लागला तर तेही मांडा. हिशेब दोन्ही बाजूंनी प्रामाणिक हवा. फुगवलेला एक आकडा खरे नव्व्याण्णव आकडे बुडवतो.

आणि मायबहिणींनो, घरच्या माणसांची मजुरी असे सरकार म्हणते त्यातली निम्म्याहून जास्त मजुरी बहुतेक घरांत तुमची असते. पेरणीमागे बी सोडणे, खुरपणी, राखण, काढणी. ते दिवस कोणी लिहीत नाही. गड्यांना विचारले तर ते कमीच सांगतील. ते तुम्हीच लिहायला हवेत.

पैसेवारीच्या दिवशी हजर राहा

तिसरा कागद पैसेवारीचा. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत की वर, यावर सवलती अवलंबून. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर, अंतिम डिसेंबरात येते. त्यासाठी गावात समिती असते, तिच्यात गावचे लोकही असतात. ती शिवारात कधी गेली, कोणत्या गटात पीक कापले, कोणी सह्या केल्या, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले पाच होते: पुरंदर, बारामती, इंदापूर, शिरूर आणि दौंड. शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती होत्या. आता दुष्काळ ठरतो पावसाचे आकडे आणि उपग्रहाची चित्रे पाहून. आपले तालुके कालव्याने दुभंगलेले. कालव्याकाठी हिरवा ऊस आणि दोन कोसांवर उन्हाने करपलेली ज्वारी. वरून पाहणाऱ्याला सरासरी दिसते. बांधावरून दिसते ते लिहून ठेवणारा माणूस गावातच हवा.

तीन कामे

दीनबंधु हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढले ते कष्टकऱ्यांचे म्हणणे छापले जावे म्हणून. सुप्याच्या दंग्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. म्हणजे हा रस्ता नवा नाही. आपल्या आधीची माणसे त्यावरून चालून गेली आहेत.

उद्यापासून तीन कामे करायची.

एक. प्रत्येक गावात दहा घरांनी वही घालायची. कोरडवाहूची पाच, थोड्याफार पाण्याची पाच. बी, मशागत, औषध, मजुरी, घरच्यांचे दिवस, उत्पन्न, कडबा, विकलेला भाव. जमेल त्याने लिहावे, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे.

दोन. वहीची बेरीज ग्रामसभेपुढे ठेवायची. त्याआधी महिलांची सभा होते, तिथे घरच्या मजुरीचा आकडा पक्का करायचा. ठराव चार ओळींचा: आमच्या गावी मालदांडीला इतका खर्च येतो, तिचा खर्च वेगळा काढा, पेरणी ते विक्री नियम बदलू नका. ठरावाची नक्कल शिक्क्यासह मागून घ्यायची. पैसेवारीचे कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, अर्ज द्यायचा.

तीन. तेच म्हणणे वर्तमानपत्राला पत्र म्हणून पाठवायचे. शिव्या नकोत, पुढाऱ्याचे नाव नको. गाव, पीक, आकडा, मागणी. पन्नास गावांतून अशी पन्नास पत्रे गेली तर कृषिमूल्य आयोगापुढे बसणाऱ्याला ती बाजूला सारणे जड जाईल.

लगेच भाव मिळेल असे आश्वासन मी देत नाही. १८७५ मध्ये कागद दुसऱ्याच्या हातात होता म्हणून तो जाळावा लागला. आज लिहिता येते, तर कागद आपल्या हातात ठेवू. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घोषणा कमी आणा, वह्या जास्त आणा. ज्या गावाची वही येईल, त्या गावाला बैठकीत आधी बोलायला मिळेल.