खेळ एक, मते अनेक

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलास माहिती कशी सांगावी याचे शिक्षण प्रत्येक शिक्षकास मिळालेले असते. परंतु दोन मुलांची मते एकमेकांविरुद्ध पडली म्हणजे काय करावे, याचा विचार त्या मानाने थोडा होतो. बहुधा शिक्षक एकाचे मत ग्राह्य धरतो, दुसऱ्यास खाली बसावयास सांगतो आणि पाठ पुढे चालू होतो. खाली बसलेले मूल त्या दिवशी एकच गोष्ट पक्की शिकते. ती म्हणजे पुन्हा मत न सांगणे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून येणारी पुष्कळशी मुले घरी वारली बोलतात आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकतात. त्यांच्या ठिकाणी हे मौन अधिकच लवकर येते व अधिक काळ टिकते. सबब मतभेद म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते आणि वर्गात तो कसा हाताळावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

त्यासाठी घेतलेले उदाहरण मात्र शालेय पुस्तकातील नाही. ते एका व्हिडिओ गेमचे, म्हणजे संगणकावर खेळावयाच्या खेळाचे आहे. या निवडीस कारण आहे. या खेळाविषयी हजारो खेळाडूंनी आपली मते वर्षानुवर्षे लिहून ठेविली आहेत. कोणते मत केव्हाचे, हे तेथे पाहता येते. मतभेदाचा अभ्यास करण्यास इतके सोयीचे साधन क्वचितच मिळते. खेळ मुलांना दाखवावा किंवा विकत घ्यावा, असा येथे आग्रह नाही. खेळ न पाहताही त्याच्या वादातून घ्यावयाचे ते घेता येते.

खेळाचे नाव ‘नो मॅन्स स्काय’. म्हणजे कोणाच्याही मालकीचे नसलेले आकाश. इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावच्या ‘हॅलो गेम्स’ नामक एका लहानशा मंडळीने तो रचला. शॉन मरे हे त्या मंडळीचे प्रमुख. डिसेंबर 2013 मध्ये खेळाची घोषणा झाली आणि ऑगस्ट 2016 मध्ये तो लोकांच्या हाती आला. विज्ञानकथा हा प्रकार मराठी वाचकांस जयंत नारळीकर यांच्या लेखनामुळे परिचित आहे. हा खेळ म्हणजे खेळाडूने स्वतः फिरून अनुभवावयाची विज्ञानकथाच होय. खेळाडू एका अनोळखी ग्रहावर जागा होतो. त्याचे यान नादुरुस्त असते. खनिजे गोळा करून ते दुरुस्त करावयाचे आणि मग एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात राहावयाचे. वाटेत जे प्राणी, ज्या वनस्पती प्रथम दृष्टीस पडतील, त्यांना आपल्या मनाप्रमाणे नावे द्यावयाची.

अशा ग्रहांची संख्या किती? 1,84,46,74,40,73,70,95,51,616. दोन ही संख्या चौसष्ट वेळा घेऊन गुणाकार केला असता हा अंक येतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने दाणे ठेवण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या पटावरील एकूण दाण्यांहून या ग्रहांची संख्या केवळ एकाने अधिक आहे. एका सेकंदास एक ग्रह पाहावयाचा म्हटले तरी सर्व ग्रह पाहण्यास अठ्ठावन्न हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील. एवढे ग्रह कोणी हाताने रेखाटलेले नाहीत. काही नियम ठरविलेले आहेत. प्रत्येक ग्रहास एक अंक आहे. त्या अंकावर नियम लावून संगणक तेथील डोंगर, समुद्र, झाडे व प्राणी ऐन वेळी तयार करतो. अंक तोच राहिला की ग्रहही तोच राहतो.

आता खेळाडूंच्या मतांकडे वळावयाचे. खेळ हाती येताच अनेकांनी त्यावर कडाडून टीका केली. स्टीम नावाचे संगणकीय खेळांचे एक मोठे विक्रीस्थान आहे. तेथे ग्राहकांचे अभिप्राय नोंदविले जातात. 2016 मध्ये तेथील बहुसंख्य अभिप्राय प्रतिकूल झाले. परंतु त्याच दिवसांत दुसरेही खेळाडू होते. निर्जन ग्रहावर एकट्याने चालणे, संध्याकाळचे निराळ्याच रंगाचे आकाश पाहणे आणि कोणी न पाहिलेल्या प्राण्यास नाव देणे यांत त्यांना फार समाधान वाटले. खेळ एकच. मग मते इतकी विरुद्ध कशी? ती नीट तपासली म्हणजे त्यांत तीन प्रकारची विधाने एकमेकांत मिसळलेली आढळतात.

पहिला प्रकार पडताळून पाहता येणाऱ्या विधानांचा. खेळाडू एकमेकांस भेटू शकतील, अशी समजूत आधीच्या मुलाखतींवरून पसरली होती. खेळ प्रसिद्ध होताच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. परंतु एकास दुसरा दिसला नाही. ‘येथे दुसरा खेळाडू दिसत नाही’ हे विधान आवडीनिवडीचे नव्हे. ते प्रयोगाने सिद्ध झाले. जाहिराती फसव्या आहेत, अशीही तक्रार झाली. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने चौकशी केली आणि नोव्हेंबर 2016 मध्ये, तपासलेल्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नाहीत, असा निर्णय दिला. राग असणे ही एक गोष्ट. आरोप सिद्ध होणे ही दुसरी. संतापलेल्या माणसास हा भेद दिसत नाही. तो दाखविणे हे शिक्षणाचे काम आहे.

दुसरा प्रकार अपेक्षेचा. एवढी प्रचंड संख्या ऐकून खेळाडूंनी तेवढ्याच वैचित्र्याची अपेक्षा केली. दहा-वीस ग्रह पाहिल्यावर त्यांना वाटू लागले की रंग बदलतो, डोंगराची उंची बदलते, पण गोष्ट तीच राहते. यावर कोणी म्हणेल की नियमांनी घडविलेली वस्तू कंटाळवाणी होणारच. हे म्हणणे बरोबर नाही. याचा पुरावा डहाणू-तलासरीच्या घरांच्या भिंतींवर आहे. वारली चित्रात वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा यांखेरीज फारसे काही नसते. रंग तांदळाच्या पिठाचा पांढरा. दोन त्रिकोण टोकास टोक लावून जोडले की माणसाचे शरीर होते. तेवढ्या सामग्रीतून लग्नाचा चौक होतो, भाताची लावणी होते, तारप्याभोवती फेर धरलेली माणसे होतात. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच मोजक्या आकारांच्या बळावर. त्यांच्या चित्राचा कंटाळा येत नाही, कारण त्यांतील प्रत्येक आकृती दुसरीशी बांधलेली असते. कोणी पाणी आणते, कोणी आवण लावते, कोणी नाचते. खेळातील आरंभीच्या प्राण्यांचा एकमेकांशी असा संबंध थोडाच होता. तेव्हा ‘सारे सारखेच आहे’ असे म्हणणाऱ्या खेळाडूस ‘सारखे म्हणजे काय?’ असे विचारले असते, तर त्याचे खरे गाऱ्हाणे हाती लागले असते. वर्गातही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

तिसरा प्रकार आवडीचा. एकांत कोणास शांत वाटतो, कोणास भकास वाटतो. काहींना वाटेल तसे भटकावयाचे असते. काहींना शोधाच्या शेवटी उत्तर हवे असते. उत्तर हवे असणाऱ्यांस 2019 मध्ये निघालेला ‘आउटर वाइल्ड्स’ हा खेळ अधिक भावला. त्यात ग्रह मोजकेच आहेत, पण प्रत्येक हाताने विचारपूर्वक रचलेला. दर बावीस मिनिटांनी तेथील सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खेळाडूजवळ शिल्लक राहते ते केवळ त्याने मिळविलेले ज्ञान. विस्तार मोठा असावा की लहान परिसर खोल असावा, या प्रश्नास सर्वांसाठी एकच उत्तर नाही.

एकच वस्तू आणि दोन खरे अनुभव, हे कसे संभवते, हे समजण्यास डहाणू-तलासरीच्या मुलांस दूर जावयास नको. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले. 2019 च्या आरंभी कितीतरी कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत काढल्या. शास्त्रज्ञांनी तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. यंत्रांच्या नोंदींवरून एका धक्क्याची महत्ता काढली म्हणजे ती एकच असते. तथापि धक्क्याच्या केंद्राजवळच्या पाड्यावरील मुलगी म्हणते, भांडी खाली पडली. दूरच्या गावचा मुलगा म्हणतो, मला जागही आली नाही. दोघांत खोटे कोणीच बोलत नाही. अंतर, जमीन आणि घराची बांधणी यांप्रमाणे हादरा कमी-अधिक जाणवतो. म्हणूनच शास्त्रात धक्क्याची महत्ता आणि जागोजागी जाणवणारी तीव्रता या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानिल्या आहेत. ज्या मुलास हा भेद कळला, त्यास खेळाडूंचा वाद समजावून सांगावा लागत नाही.

या तिन्ही प्रकारांबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ती म्हणजे काळ. टीकेनंतर हॅलो गेम्सची मंडळी काम सोडून गेली नाहीत. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांनी ग्रहावर घर बांधण्याची सोय केली. जुलै 2018 मध्ये खेळाडूंना एकमेकांस पाहता येईल व एकत्र हिंडता येईल अशी व्यवस्था झाली. पुढेही भर पडत गेली आणि या सुधारणांसाठी जुन्या ग्राहकांकडून निराळे मूल्य घेतले नाही. स्टीमवरील एकूण अभिप्राय 2021 मध्ये बहुतांशी अनुकूल झाले आणि 2024 च्या अखेरीस अतिशय अनुकूल या वर्गात गेले. तरीही मतभेद संपला नाही. ज्यांना आरंभीचा एकांत प्रिय होता, त्यांतील काहींना नवी गर्दी, नवी कामे आणि जागोजागीची बांधकामे रुचली नाहीत. एकाची उणीव भरून निघते, तेव्हा दुसऱ्याचा आनंद उणावतो, हेही येथे दिसून येते. बोर्डीच्या किनाऱ्यावर सकाळी गेलेले मूल समुद्र फार दूर आहे असे सांगेल आणि भरतीच्या वेळी गेलेले मूल तो पायाशी आहे असे सांगेल. दोघांनी वेळ सांगितली तर वाद मिटतो. मतावरही तारीख हवी.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे. इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांस घेऊन शिक्षकाने शाळेजवळच्या ओढ्यावर, चिकूच्या वाडीत किंवा टेकडीवर तासभर जावे. परत आल्यावर प्रत्येक मुलाने तीन वाक्ये सांगावीत. पहिले वाक्य, काय पाहिले. हे दुसऱ्यास जाऊन पडताळता आले पाहिजे. दुसरे वाक्य, काय दिसेल असे वाटले होते. तिसरे वाक्य, काय आवडले किंवा आवडले नाही, आणि कशामुळे. वाक्ये फळ्यावर तीन रकान्यांत लिहावीत व वर तारीख घालावी. पावसाळ्यात गेलेल्या जागी उन्हाळ्यात पुन्हा जावे आणि जुन्या वाक्यांशी नवी ताडून पाहावीत. ज्याचे मत बदलले असेल त्याने ते का बदलले हे सांगावे. मत बदलणे म्हणजे हार नव्हे, हे मुलांस त्यायोगे उमगेल.

या कामी दोन पथ्ये आहेत. पहिल्या रकान्यात मतभेद झाला तर ‘दोघांचेही बरोबर’ असे म्हणून शिक्षकाने सुटका करून घेऊ नये. सात आठे छप्पनच होतात. तेथे पुन्हा मोजावे, पुन्हा पाहावे. उलट, तिसऱ्या रकान्यात शिक्षकाने आपले मत आधी सांगू नये. ते कानी पडताच वर्गातील बाकीची मते त्याच्या मागे जाऊन उभी राहतात. वर्गातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलासही त्याच कारणाने शेवटी बोलू द्यावे. मूल वारलीत बोलले तर वारलीतच ऐकावे. कारण शोधण्याचे व प्रमाण मराठीतील शब्द शोधण्याचे असे दोन भार एकदम पडले, तर मूल दोन्ही खाली ठेवते. आधी कारण येऊ द्यावे. शब्द मागाहून देता येतात.

मुलांस चार भिंतींबाहेर शिकविण्याची ही रीत या भूमीस नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस काम आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून तेथे शाळाच कुरणात नेण्यात आली. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा त्या कुरणशाळेचा अर्थ होता. मुलाच्या मताच्या बाबतीतही शाळेस तेवढेच अंतर चालून जावयाचे आहे.

कोट्यवधी ग्रहांच्या त्या खेळात खेळाडूस सर्वांत अधिक आनंद कशाचा होतो, याविषयी मतभेद राहतील. परंतु आपण पाहिलेल्या वस्तूस नाव देता येणे आणि ते नाव इतरांनी मान्य करणे, हे सुख पुष्कळांनी सांगितले आहे. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरील मूल ओढ्याकाठचे झुडूप दाखवून त्याचे वारली नाव सांगते, तेव्हा ते नाव फळ्यावर तिच्या किंवा त्याच्या नावासह लिहिले जावे. या शैक्षणिक वर्षात प्रत्येक शाळेने असा एक तरी फेरफटका काढावा, तीन रकान्यांची वही ठेवावी आणि केंद्राच्या पुढील बैठकीस ती वही बरोबर आणावी.