मोहाचे झाड : गुण आणि उपयोग
(धारणी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



झाडांवर बोला असे सांगण्यात आले तेव्हा आम्हाला प्रथम आठवला तो चीन-जपानकडील गिंको. पंख्यासारख्या पानाचे हे झाड. त्याच्या कुळाचे ठसे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. बाकीचे भाऊबंद नष्ट झाले, ही एकच जात उरली. आणि ती टिकली यात बौद्ध विहारांच्या आवारात ती लावणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. १९४५ साली हिरोशिमात अणुबॉम्बने होरपळलेले काही गिंको पुन्हा पालवले आणि आजही उभे आहेत. पण धारणीच्या उन्हात गिंको लावा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही. जपण्यासारखे झाड आपल्या शेताच्या बांधावरच आहे. ते म्हणजे मोह.

मार्च-एप्रिलात, पाने गळालेली असताना मोह फुलतो. रात्री वटवाघळे फुलांवर येतात, त्यांच्यामुळे परागीभवन होते आणि पुढे बीही दूर पडते. पहाटे फुलांचा सडा पडतो. आमच्या कोरकू मायबहिणी उजाडण्यापूर्वी टोपले घेऊन निघतात, कारण ऊन चढले की गुरे पोचतात. अस्वल मात्र त्यांच्याही आधी आलेले असते. अस्वलालाही हे फूल फार प्रिय, आणि अंधारात गाठ पडली तर प्राणावर बेतते. मोहफुलाच्या प्रत्येक टोपल्यामागे ही भीती आहे, हे बाजारात भाव पाडून मागणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

वाळलेले फूल मनुक्यासारखे दिसते आणि साखरेने भरलेले असते. भाजून खातात, ज्वारीच्या पिठात मळून भाकरी करतात; धान्य संपल्यावर याच फुलांनी कित्येक घरे तगली. बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते खाण्यात, दिव्यात, अंगाला लावायला आणि साबणात चालते. पेंड गुरांना घालू नये, ती विषारी असते. पाण्यात टाकली तर मासे मरतात.

आता दारूबद्दल. मोह म्हटले की लोकांना तेवढेच आठवते. विनयपिटकात भिक्खूंना ज्या आठ पेयांची अनुमती आहे, त्यांत मधुक म्हणजे मोह आहे. पण फुलांच्या रसांना अनुमती देताना मोहाच्या फुलाचा रस तेवढा वगळला आहे. झाड निषिद्ध नाही. नशा ज्यातून चढते तेवढेच बाजूला काढले. आम्हाला हा विवेक फार मोलाचा वाटतो. कायद्याने मात्र दीर्घकाळ फुलालाच संशयाने पाहिले. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरील बंधने २०२१ साली शिथिल झाली.

तरीही खरी काळजी वेगळी आहे. आपण सर्वांनी आठवून पाहावे : गुडघाभर उंचीचे मोहाचे रोप शेवटचे कधी पाहिले? जुनी झाडे वाडवडिलांनी तोडली नाहीत म्हणून उरली. फुले नीट दिसावीत म्हणून आपण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतो. त्यात उगवलेले रोप जळते, आणि वारा असला तर वणवा मेळघाटच्या जंगलात शिरतो. उरलेले बी तेलासाठी वेचले जाते. मग नवे झाड यावे कोठून? पाला खराट्याने झाडून काढावा किंवा खाली जुनी लुगडी अंथरावीत. लुगड्यावर पडलेल्या फुलांना मातीही लागत नाही.

लावण्याबाबत आमचीच फजिती सांगतो. एका वर्षी आम्ही बी जपून ठेवले आणि पुढच्या पावसाळ्यात पिशव्यांत पेरले. एकही उगवले नाही. मोहाचे बी फार दिवस जिवंत राहत नाही, हे नंतर कळले. ताजे बी जूनजुलैत, फळ पडताच पेरावे. शक्यतो जागेवरच, कारण मुळी खोल जाते आणि रोप हलवलेले सोसत नाही. भोवती काट्यांचे कुंपण करावे. फुले यायला दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक लागतात, म्हणून आमच्या वयाच्या माणसांनी यंदाच पेरलेले बरे. बी आम्ही आणून देऊ. मात्र नेले त्या आठवड्यात मातीत गेले पाहिजे.