वजन घटविण्याची किमया : दावा आणि हिशेब

(पांडेसरा, सुरत येथील मराठी भाषिक कामगार-कुटुंबांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पांडेसऱ्यात राहणाऱ्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. पाळी संपली की किती मीटर कापड उतरले, हे यंत्रमागावरचा कामगार चटकन सांगतो. किती किलो कापडाला किती रंग लागेल, हे रंगाई-छपाईच्या गिरणीतील माणूस डोळे मिटून जाणतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून उधन्याच्या गाडीने येथे आलेली कित्येक कुटुंबे मीटर आणि किलो यांच्या हिशेबावरच संसार चालवितात, मुलांना शिकवितात व गावी पैसे पाठवितात.

परंतु "सात दिवसांत दहा किलो वजन घटवा, व्यायाम नको, पथ्य नको" अशी जाहिरात समोर आली, की हाच हिशेबी माणूस हिशेब बाजूला ठेवतो आणि आठवड्याची मजुरी एका डब्यावर खर्च करतो. पूर्वी अशा जाहिराती भिंतींवर आणि हातपत्रकांत असत. आता त्या भ्रमणध्वनीवरही येतात. कापडाला लावतो तोच हिशेब या दाव्यांना लावला तर काय दिसते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दहा किलोंचा हिशेब

शरीरातील एक किलो चरबीमध्ये सुमारे ७,७०० किलोकॅलरी एवढी ऊर्जा साठविलेली असते. म्हणजे दहा किलो चरबीत ७७,००० किलोकॅलरी झाल्या. ती सात दिवसांत संपवावयाची तर दररोज ११,००० किलोकॅलरी जाळाव्या लागतील.

आता माणसाची रोजची गरज पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११०, मध्यम श्रमाच्या कामासाठी २,७१० आणि जड कष्टाच्या कामासाठी ३,४७० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत.

समजा, जड कष्ट करणाऱ्या एखाद्या पुरुषाने सात दिवस अन्नाचा कणही घेतला नाही आणि तरीही काम पूर्वीसारखेच केले. तरी खर्च होणारी ऊर्जा २४,२९० किलोकॅलरी, म्हणजे चरबीच्या रूपाने जेमतेम तीन किलो. हाही हिशेब कागदावरचाच आहे. प्रत्यक्षात असा माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी यंत्राजवळ कोसळेल. संपूर्ण उपवासाने जे साधत नाही, ते दोन चमचे भुकटीने साधते असे म्हणणाऱ्याने उरलेले सात किलो कोठून आणले, हे सांगावयास हवे.

घाम म्हणजे चरबी नव्हे

तरीही काहींचे वजन पहिल्या आठवड्यात खरोखर उतरते. काट्यावरचा आकडा खोटा नसतो. त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक सुमारे अर्धा किलो असते आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की ही शिल्लक व तिचे पाणी प्रथम निघून जाते. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते.

स्टेंटर यंत्राच्या उष्णतेत उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाळीच्या अखेरीस अंगातला सदरा पिळून काढावा लागतो, वजन केले तर ते कमी भरते आणि घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यायले की भरपाई होते. घाम आणणारे पट्टे, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या आणि सोनामुखीसारखी रेचके घातलेली चूर्णे एवढेच काम करतात. पाण्याबरोबर शरीरातील सोडियम व पोटॅशियमही जाते, आणि पोटॅशियम फार उतरले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. जो आधीच आठ-बारा तास घाम गाळतो, त्याने वर असे चूर्ण घेणे हा दुहेरी धोका आहे.

पथ्याचे श्रेय भुकटीला

कित्येक डब्यांमधील पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते : तेलकट व गोड खाऊ नये, रात्री हलके जेवावे, रोज अर्धा तास चालावे. या सूचना पाळल्यावर वजन थोडे उतरले, तर ते भुकटीने की पथ्याने?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत शास्त्रात आहे. कोकमाच्या कुळातील गार्सिनिया नावाच्या फळापासून केलेल्या गोळ्यांचा वजन घटविण्यासाठी मोठा गाजावाजा झाला होता. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याविषयीची चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल व्यक्तींना १२ आठवडे सारखेच पथ्य दिले गेले. काहींना गार्सिनियाची गोळी मिळाली, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळाली. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो, तर पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो उतरले. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतलाच होता. गोळीचा म्हणून काही गुण दिसला नाही. पोकळ गोळीवाल्या गटातील एखाद्याचे 'आधी' आणि 'नंतर'चे छायाचित्र छापले असते, तर तेही तितकेच प्रभावी दिसले असते. आमसुलाचे सार चवीसाठी अवश्य घ्यावे. त्याच्या कुळाच्या नावावर महिन्याची कमाई घालवू नये.

रंगाच्या कारखान्यातले 'औषध'

पाणी काढून टाकणारे औषध निदान पुष्कळदा पाण्यावरच निभावते. परंतु ज्या औषधाने खरोखरच झपाट्याने चरबी जळते, त्याची कथा अधिक भयंकर आहे. आणि रंगांशी नित्य संबंध येणाऱ्या पांडेसऱ्याने ती विशेष लक्षात ठेवावी.

डायनायट्रोफिनॉल हे पिवळे रसायन रंगनिर्मितीत आणि स्फोटकांत वापरले गेले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळू लागले. त्यांना ताप येई, घामाच्या धारा लागत आणि काहींचा मृत्यूही झाला. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच रसायन वजन घटविण्यासाठी उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले. वर्ष-दीड वर्षात तेथे सुमारे एक लाख लोकांनी ते घेतले असावे, असा त्या वेळचा अंदाज होता.

ते कार्य कसे करते, हे यंत्रमागाच्या उदाहरणाने समजेल. मोटार फिरते आहे, वीज जळते आहे. पण पट्टा घसरला असल्यामुळे माग हलत नाही. कापड शून्य, मोटार मात्र तापत जाते. हे रसायन पेशींमधील असाच पट्टा घसरवते. अन्नाची ऊर्जा कामी न येता उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वजन उतरते, पण शरीराचे तापमान चढत जाते आणि मात्रा थोडी जास्त झाली की माणूस आतल्या आत भाजून निघतो. त्यावर उतारा नाही. अनेकांच्या डोळ्यांत तरुणपणीच मोतीबिंदू उतरला. अखेर १९३८ च्या कायद्यान्वये अमेरिकेत ते माणसाने घेण्यास अयोग्य ठरविण्यात आले. तरीही चोरट्या विक्रीमुळे मृत्यू होत राहिले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पोलीस संघटना इंटरपोल हिला १९० देशांना त्याविषयी इशारा द्यावा लागला.

पुढील काळात वैद्यांनी लिहून दिलेल्या औषधांतही असे प्रसंग आले. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांना इजा करते असे दिसल्याने १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. रिमोनाबॅन्टमुळे मानसिक विकार बळावत असल्याने २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबविण्यात आली. हृदयविकाराच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिनवर भारतात २०११ पासून बंदी आहे. परंतु बंदीनंतरही 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच चोरून मिसळलेले अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. म्हणून एखाद्या चूर्णाने भूक एकदम मेली, छाती धडधडू लागली व झोप उडाली, तर तो गुण समजून आनंद मानू नये. ते ताबडतोब बंद करून डब्यासह डॉक्टरांकडे जावे.

खरे औषध कसे बोलते?

स्थूलतेवर औषधच नाही, असे मात्र नव्हे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. त्याबरोबरच मळमळ, उलट्या व जुलाब यांची नोंद झाली. आणि औषध थांबविल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, हेही संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केले. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच व देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

खऱ्या व खोट्या दाव्यांतील भेद येथे स्पष्ट होतो. खरा दावा काळ सांगतो, सरासरी सांगतो, आपले दोषही सांगतो. खोट्या दाव्यात 'सर्वांना', 'कायमचा', 'हमखास' आणि 'दुष्परिणामरहित' एवढे चारच शब्द असतात.

कायदा काय म्हणतो?

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये ज्या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाचा समावेश आहे. जाहिरातीची व्याख्याही व्यापक आहे : पत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, एवढेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत मोडते. मंत्र, कवच व ताईत हे 'जादूचे उपाय' मानले आहेत. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही भाग वगळून या कायद्याचा गाभा वैध ठरविला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला, तसेच तिची शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसाठी पावती, डबा व जाहिरात जपून ठेवावी.

डब्यावर परवाना क्रमांक असला, म्हणजे दावा सिद्ध झाला असे समजू नये. परवाना माल तयार करण्याचा असतो, चमत्काराचा नसतो.

मग करावे काय?

प्रथम, वजन खरोखर जास्त आहे काय, हे पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष स्थूल वा अतिवजनी आढळले; परंतु जवळजवळ १९ टक्के स्त्रिया व १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृशही होते. एकाच चाळीत, कधी एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात. शिंप्याची फीत पुरेशी आहे : कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास काळजी घ्यावी. तीस वर्षांवरील व्यक्तींनी सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. वजन अकारण वाढत असेल, तर थायरॉइडची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

दुसरे, ध्येय माफक असावे. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के घट, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो, एवढ्यानेही रक्तदाब व साखर यांत सुधारणा दिसते. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी केवळ साखरेच्या झाल्या. ती साखर निम्मी करणे, पाळीवरून परतताना फाफड्या-भजांऐवजी घरची भाकरी व वरण खाणे, तेलाचा डबा महिन्याऐवजी पाच आठवडे पुरविणे आणि दिवसपाळी असो वा रात्रपाळी, पुरेशी झोप घेणे, हे उपाय कोणी विकत नाही. म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही.

तिसरे, डबा विकावयास येणारी व्यक्ती पुष्कळदा शेजारची वा नात्यातलीच असते. ती लबाड असते असे नाही. तिलाही कोणी तरी हेच सांगितलेले असते. तिचा अपमान न करता चार प्रश्न विचारावेत : किती दिवसांत किती किलो? एवढी ऊर्जा जाते कोठे? ज्यांना गुण आला नाही, ते किती? आणि यात नेमके काय काय आहे? लग्न ठरलेल्या मुलीला किंवा बाळंतपणानंतरच्या सुनेला तिच्या अंगावरून टोमणे मारणे घरच्यांनी थांबवावे. कारण असली औषधे खपतात ती बहुधा त्या टोमण्यांच्या जोरावर.

मीटरभर कापड कमी भरले, तर पांडेसऱ्याचा कामगार मापाची पट्टी मागतो. शरीराच्या बाबतीत त्याने तीच पट्टी मागावी, एवढेच या निमित्ताने सांगणे आहे.