कपाशीची बोंडअळी आणि जीवाणूचे प्रथिन



बीटी कपाशीतील अळी मारणारे द्रव्य मूळचे कारखान्यातले नव्हे. ते मातीत राहणाऱ्या एका जीवाणूचे आहे. जपानात रेशमाचे किडे मरू लागले, तेव्हा १९०१ साली इशिवाता या संशोधकाने हा जीवाणू ओळखला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना तो पिठातील पतंगाच्या अळीत आढळला आणि तेथील थुरिंजिया प्रांतावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हे नाव पडले. ‘बीटी’ हे त्याचेच संक्षिप्त रूप.

हा जीवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते व त्यास छिद्रे पाडते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. मनुष्याच्या जठरातील रस आम्ल असतो आणि हे प्रथिन चिकटण्याची स्थानेही आपल्या आतड्यात नसतात.

फवारलेले प्रथिन उन्हाने लवकर निकामी होते. म्हणून ते घडविणारे जनुकच कपाशीत घालण्यात आले. भारतात अशा वाणांना २००२ साली अनुमती मिळाली, २००६ साली दोन प्रथिनांचे वाण आले. मावा-तुडतुड्यांवर मात्र त्यांचा काही उपयोग नाही.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुडक्यासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. शेताच्या कडेने तिचे पट्टे पेरावयाचे होते. साध्या झाडांवर वाढलेले पतंग, प्रथिन पचविणाऱ्या विरळ पतंगांशी संकर करतात आणि ती पचविण्याची शक्ती पुढील पिढीत दबून राहते. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. सगळा दोष शेतकऱ्याचा नव्हे. काही झाडे अळीला का द्यावीत, हे त्याला पुरेसे समजावले गेले नव्हते. गुजरातेतील गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनाला दाद देणे सोडल्याचे २०१० साली जाहीर झाले. २०१५ पर्यंत दुसरेही निष्प्रभ ठरले होते. अलीकडे साधे बी त्याच पुडक्यात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. अमेरिकन बोंडअळीवर हे प्रथिन अद्याप बऱ्याच अंशी लागू पडते. ते राखावयाचे आहे.

गुलाबी अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. फरदड घेण्याचा मोह सोडून हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात आणि त्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत, कारण उरलेल्या बोंडांत अळी पुढील पावसाळ्यापर्यंत सुप्त पडून राहते.