भाकरी बांधा, मुलींना शहर दाखवा



दहावी झाली की आपल्या कितीतरी मुलींचं शिक्षण एका प्रश्नापाशी अडतं : 'शहरात एकटी कशी जाईल?' म्हणून आमच्या गटातल्या ताया मुलींना दिवसभरासाठी पुण्याला नेतात. एका ताईबरोबर दोन मुली.

खर्चाची धास्ती नको. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. भाकरी-चटणी घरची. गंज पेठेतला फुले वाडा बघायला पैसे पडत नाहीत. घरचा पाण्याचा हौद जोतिबांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, हे मुलींना तिथंच सांगतो. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी आहे. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढलं की सगळं पुणं खाली दिसतं.

आमचा नियम एकच. पत्ता मुलींनी विचारायचा, तिकीट त्यांनीच काढायचं, हिशोबही त्यांनीच लिहायचा. ताईनं नुसतं मागं उभं राहायचं. स्वारगेटला स्वतः गाडी शोधलेली मुलगी कॉलेजात नाव घालायला जाताना बिचकत नाही, आणि घरच्यांनाही धीर येतो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. तारीख ठरवूनच उठा.